वर्षभर न वापरलेलं

बल्गेरियाच्या राजधानीतली, सोफियातली नोकरी सोडल्यापासून मी दोन ताटल्या आणि चार कपड्यांवर राहते. वर्षभर न वापरलेली वस्तू घरात ठेवायची नाही, हा माझा नियम.

गावी आईकडे गेले, तेव्हा तिचंही कपाट आवरलं. तळाशी चादरीत बांधलेलं गाठोडं निघालं. त्यात काळा झगा, लोकरी मोजे, तळाला धूळही न लागलेले बूट. आईची साठवायची सवय, म्हटलं, आणि गाठोडं शेजारच्या त्सोन्कामावशींना देऊन टाकलं.

रविवारी त्सोन्कामावशी तेच बूट घालून चर्चमध्ये आल्या.

"कार्टे, माझं गाठोडं दिलंस?" आई कुजबुजली.

"दहा वर्षांत एकदा तरी घातलेस का ते कपडे?"

"एकदाच घालायचे होते. शवपेटीत." तिने जिवंत माणसांसाठीच्या वरच्या ओळीत मेणबत्ती लावली. "आता तू नवे आणेपर्यंत मरायचीसुद्धा सोय नाही."

 

याला तीन वर्षं झाली. कपडे कधी आणतेस, असं ती दर रविवारी फोनवर विचारते. मी सांगते, आई, सध्या माझी काटकसर चालू आहे.