सहावा बार

"पाचच," हंबीरराव म्हणाला.

विहिरीतला धुरळा अजून वर येत होता. सुरुंगाचे बार सहा भरलेले, आवाज मात्र पाच झाले. म्हणजे एक बार न फुटता खाली तसाच दबा धरून बसलेला. आज खाली उतरून तो मोकळा करायची पाळी ज्ञानूची होती.

बहात्तरच्या दुष्काळानं माणदेशात खायला काही ठेवलं नव्हतं, म्हणून ही टोळी पलूसच्या शिवारात विहिरी पाडत हिंडायची. हंबीरराव मुकादम. दारू ठासायचा तोच, वात पेटवायचा तोच. सयाजी आणि हिंदुराव पहारीवाले. टोळीत येणाऱ्यानं बेलभंडार उचलायचा आणि शपथ घ्यायची, की भावाला खाली सोडून पळायचं न्हाई आणि भावाशी खोटं बोलायचं न्हाई. एकदा भाऊ झाला, की त्याच्या घरची चूल सगळ्यांची. कुणी विहिरीत गेलाच, तर त्याची म्हातारी उपाशी राहायची नाही.

ज्ञानूचा बेलभंडार उद्यावर आला होता. गावात जाईबाई, त्याची आई, एकटीच होती. तीन महिने त्यानं जिवाचं रान केलं होतं ते तिच्यासाठी.

"भ्या वाटत आसंल तर सांग, गड्या," हंबीरराव म्हणाला. "मी उतरतो. त्यात लाज कसली?"

"छ्या! भ्या कशाचं?"

दोराला धरून तो उतरला. कपारीतल्या भोकातनं अर्धी जळलेली वात बाहेर लोंबत होती. काम ठरलेलं. भोकात पाणी ओतायचं, भिजू द्यायचं, मग लाकडी काठीनं आतली ठासण, म्हणजे ठासून भरलेली दारू-माती, तळापर्यंत उकरून काढायची. गेल्या साली शेजारच्या टोळीतल्या नानासोचे दोन्ही हात असल्याच कामात गेले होते.

ज्ञानूनं लांबूनच डबा उपडा केला. पाणी खडकावरनं वाहून गेलं. काठी हातात घेतली, पण पाय काही पुढं टाकवेना. शेवटी तो समोरच्या कोपऱ्यात भिंतीला तोंड करून बसला. बिडी ओढून होईल एवढा वेळ गेल्यावर ओरडला, "मोकळा झाला!"

दोर धरून तो वर आला, तर हंबीरराव काठावर उभाच होता.

"काठी तळाला टेकली?"

"टेकली."

"दारूचं काय केलंस?"

"पाण्यात कालवून टाकली."

"माझ्याकडं बघून सांग, ज्ञानू."

"आवं, टेकली म्हणतोय न्हवं!"

हंबीररावानं सयाजीला मान हलवून खूण केली. सयाजीनंच ज्ञानूला टोळीत आणला होता. भाकरी कमी पडली की आपल्यातली अर्धी मोडून द्यायचा. पहार उचलून त्यानं ज्ञानूच्या पाठीवर थाप टाकली. "गडी वाघ हाय! आता तेच भोक मी खोल करतो."

सयाजी दोरावर लोंबकळला. ज्ञानूनं तोंड उघडलं. बोल लेका, बोल! अजून तो अर्ध्यातच हाय. पण उद्याचा बेलभंडार, जाईबाईची चूल, ह्या तिघांच्या नजरा... त्यानं तोंड परत मिटून घेतलं.

खाली पहार वाजली. ठण्. परत ठण्. एकेक घाव ज्ञानूच्या काळजावर पडत होता. नुसती एक हाक मारायची होती, तीही त्याच्यानं झाली नाही. दोन्ही कान दाबून तो मटकन खाली बसला. आता फुटतोय, आता फुटतोय.

फुटला नाही.

कान मोकळे केले तेव्हा सयाजी वर आला होता, धुळीनं माखलेला, पण धडधाकट. ज्ञानूला रडूच फुटलं. खंडोबाला हात जोडून तो सयाजीच्या गळ्यात पडायला धावला. सयाजी बाजूला झाला.

"आतली ठासण कोरडी ठाक हाय," तो हंबीररावाला म्हणाला. "काठी लागलीच न्हाई."

हंबीररावानं झाडाखालचं ज्ञानूचं गाठोडं आणून त्याच्या हातात दिलं.

"नव्या गड्याच्या पाळीला सहावा बार मी निस्त्या मातीचाच भरतो, ज्ञानू."