श्वासानं चिकटणारं सोनं

लाल मातीचा लेप. खारीच्या केसांचा ब्रश. ऑक्सिजनची नळी. डोक्यामागं अर्धंच तेजोवलय असलेलं संत योसेफांचं चित्र. सगळं एकाच टेबलावर. मागं धापा टाकणारा म्हातारा चित्रकार. लेपावर तोंडाची ऊब सोडली, की तो सोन्याचा वर्ख धरतो. पण त्याच्या छातीत तेवढाही श्वास उरला नव्हता. मरणाऱ्यांचा कैवारी हा संत त्याला स्वतःच्या उशाशी हवा होता. शेवटी त्यानं बायकोला हाक मारली. “इथं तोंड उघडून श्वास सोड.” “जन्मभर म्हणालात, वर्ख उडेल, तोंड मिट. आता उघडू होय?” तिनं श्वास सोडला आणि न विचारताच ब्रशनं वर्ख उचलून टेकवला. सुरकुतीही नाही. “अगं, हे तर तुझ्या बाबांच्या हातचं! मला कधीच जमलं नाही.” ती बोलली नाही. वर्ख उडाला असता. लग्नाआधी बाबांच्या कारखान्यातली तेजोवलयं तीच चढवायची.