बारकूच्या नावाची चानकी

"एक कमी पडली, आई," ज्योत्स्ना म्हणाली.

"कमी नाय पडली. केलीच नाय." पुतळाबाईने तव्यावरची नजरसुद्धा हलवली नाही.

रविवारची सकाळ होती, प्रभुभोजनाचा रविवार; येशूची आठवण म्हणून चर्चमध्ये सगळ्यांनी भाकरीचा एकेक घास घ्यायचा. पेठच्या डोंगरातल्या त्या पाड्यावर प्रभुभोजनाची भाकर पुतळाबाईच्याच चुलीवर व्हायची. नागलीच्या पिठाच्या बारीक चानक्या, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठ्या. कामाला बाहेरगावी गेलेले सोडून प्रार्थनेला जितकी माणसं, तितक्याच.

रीत तिच्या सासूने घालून दिलेली. चानकी थापताना एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्याच्यासाठी देवाशी बोलायचं. पहिली आपल्या स्वतःच्या नावाची. आपलं पाप कबूल केल्याशिवाय दुसऱ्याच्या नावाला हात लावायचा नाही. तवा नीट तापलेला नसायचा, म्हणून पुतळाबाई खाली लाकडं कोंबायची आणि ती पहिली चानकी हमखास एका कडेने करपायची. मग बाकीचे. "पुंज्याचा गुडघा बघ रे बाबा. कुसाबाईच्या लेकीची कूस उजव यंदा तरी." याहून वेगळी प्रार्थना पुतळाबाईला येत नव्हती. तिचं आणि देवाचं बोलणं असं पिठातच चालायचं.

बारकूचं नाव आलं की हात थांबायचा. दातावर दात बसायचे. मग ती परातीत हात झटकून पुढचं नाव घ्यायची.

बारकू तिचा सख्खा धाकटा दीर. पिंपळगावला द्राक्षाच्या छाटणीला मजूर घेऊन निघाला होता, दारू पिऊन. घाटात पिकअप उलटली. बाकीचे खरचटून वाचले. तिचा एकुलता एक लेक मनोज जागीच गेला. बारकू शिक्षा भोगून आला. दारू सोडली. चर्चच्या पाळकाने त्याला पुन्हा मंडळीत घेतलं.

"पाळकानं घेतलं आसंल," पुतळाबाई तेव्हा भर अंगणात म्हणाली होती, "मी नाय घेतलं."

ज्योत्स्ना मनोजची बायको. तिने चुलीत फुंकर मारली आणि धुरातून म्हणाली, "नवरा माझा गेला, आई. मी काकांना पाणी देते. तुमचा राग अजून निवत नाय?"

"नवरा दुसरा मिळतो. पोर मिळतं का?"

शब्द तोंडातून गेले. परत घेता येण्यासारखे नव्हते, आणि पुतळाबाईला ते घ्यायचेही नव्हते. ज्योत्स्ना चानक्यांवर फडकं घालत म्हणाली, "दर वेळी ताट फिरायच्या आधी उठून जाता तुम्ही. आज शेवटपर्यंत बसा. तुमची शिक्षा कुणाला पोचते, ते बघा तरी."

"बसते. त्याचा रिकामा हात बघायचाच हाय मला."

मनात वैर धरून ही भाकर खाऊ नये, एवढा धाक पुतळाबाईला होता. म्हणून चर्चमध्ये ती बायकांच्या रांगेत सगळ्यात मागे बसायची आणि गाणं संपलं की निघून जायची. आज ती उठली नाही. पदर आवळून भिंतीसारखी बसून राहिली. तिच्या मागे, दाराशी, चपलांच्या शेजारी बारकू बसला होता. चटईवर तो कधीच येत नसे. म्हातारा दिसत होता. दिसू दे, तिने मनात म्हटलं. माझा मनोज म्हातारा व्हायचा होता, तो झाला का?

ताट आधी पुरुषांत फिरलं. मग बायकांत आलं. जो तो एक उचलायचा आणि ताट पुढच्याच्या हातात द्यायचा. पुतळाबाई हाताकडे बघत होती, तोंडाकडे नाही. आता येईल रिकामं ताट. आता ते मी त्याच्या मांडीवर ठेवीन.

ज्योत्स्नाने आपली चानकी उचलली आणि ताट सासूच्या हातात दिलं.

ताटात एक चानकी होती.

पुतळाबाई गोंधळली. कोण आलं नाही? तिने मान उंचावून सगळ्या पाठी बघितल्या. पुंजा होता. कुसाबाई होती, तिची लेक होती. सगळे होते. तिने पुन्हा ताटात बघितलं. चानकी एका कडेने काळी झाली होती. चांगल्या चांगल्या उचलून लोकांनी करपलेली मागे ठेवली होती.

ती ओळखीची होती. सकाळी सगळ्यात आधी थापलेली, तिच्या स्वतःच्या नावाची.

"वैनी," मागून बारकू हळूच म्हणाला. त्याने पुढे केलेली ओंजळ आखडून घेतली होती. "आज तू हायेस. तुझी तू घे. आल्यापासून दर वेळी तू उठून गेलीस की ही करपलेलीच येते माझ्याकडं."

पुतळाबाईच्या कानशिलांतून जाळ निघाला. तिने छताच्या पत्र्याकडे बघितलं. "दर खेपेला पिठात एवढं बोललास माझ्याशी," ती दात आवळून पुटपुटली, "आन् हे तेवढं बोलला नायस व्हय रे लबाडा?"

पत्रा तापून कडकडला. वरून दुसरं काही आलं नाही. आपापली चानकी हातात धरून सगळी माणसं थांबली होती, पाळकसुद्धा.

तिने चानकी मोडली. करपलेली कड आपल्याकडे ठेवली. मागे वळली, तेव्हा तिचे डोळे अजून पेटलेलेच होते, आणि कधी पिठावर न घेतलेलं नाव तिने शिवी हासडावी तसं घेतलं.

"धर, बारकू."