भट्टीची ठिणगी

नव्या सुनेच्या हातातली कळशी घमेल्यावर तिरपी थांबली होती. सासूबाईंची किंकाळी अंगणात विरली.

"कळीच्या चुन्यावर पाणी ओतायचं नसतं, पोरी," त्या म्हणाल्या. "पाण्यात एकेक खडा सोडायचा. नाहीतर चुना उसळून तोंडावर उडतो."

ओसरीवरचे सासरे हसले. त्यांचा डावा डोळा चुन्यासारखाच पांढरा होता. "भित्री आहे तुझी सासू. चुनाभट्टीच्या ठिणगीनं माझा डोळा गेला, तेव्हापासून घाबरते."

"ठिणगी नव्हती." सासूबाई म्हणाल्या. "लग्नानंतरचा पहिला दसरा होता. भिंतींसाठी चुना मी भिजवत होते. वरून पाणी मीच ओतलं. मला मागे ओढायला हे वाकले, आणि चुना ह्यांच्या डोळ्यात उडाला. चाळीस वर्षं सगळ्यांना ठिणगीच सांगतात."

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, एकदाही माझा राग आला नाही?"

ते उठले. बायकोचा दंड धरून त्यांनी तिला घमेल्यापासून दोन पावलं मागे उभं केलं. मग सुनेच्या हातातली कळशी घेतली आणि चुन्याचे खडे सोडण्यासाठी कोपऱ्यातलं रिकामं पिंप पाण्यानं भरायला ते गेले.