मापाखालची सही

घरमालक चपला बाहेर काढून आत आला, तेव्हाच शिंपिणीच्या मनात पाल चुकचुकली. एरवी तो दारातूनच हात पुढे करायचा, भाडं मुठीत दाबायचा आणि चालू पडायचा. आज तो स्टुलावर ऐसपैस टेकला. पाणी मागितलं. कोपऱ्यात पडलेल्या सासूबाईंची तब्येत विचारली.

तिनं मशीनवरचा पाय काढला नाही.

"पुढच्या महिन्यापासून भाडं दीडपट," तो म्हणाला. "तोंडी बोलण्यात काय अर्थ आहे? कागद करून आणलाय. सही केलीस की तुलाही घोर नाही."

"साधी पावती मागितली होती, तर म्हणालात, काका म्हणतेस आणि पावती मागतेस? आज एकदम कागद?"

"काळ बदलला, पोरी."

कापड उलटं करून शिवण बघावी, तसा तिनं कागद आधी मागून बघितला, मग पुढून. भाड्याचा आकडा ठसठशीत होता. त्याच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. ती तिनं बोट ठेवून वाचली. भाडेकरू या महिन्याच्या एक तारखेस प्रथमच राहावयास आला असून वर्ष संपताच खोली रिकामी करून देईल.

"काका, मग चौदा वर्षं मी कुठं होते?"

"अगं, लिहायची पद्धत असते ती. आणि चौदा की चार, कुणाच्या लक्षात राहतंय? कुठं लिहून ठेवलंय का?"

मशीन थांबलं. शिंपीण उठली. फळीवरच्या वह्यांतून तिनं सगळ्यांत खालची, कडा कुरतडलेली वही ओढून काढली. गिऱ्हाईक अंगानं सुटतं आणि बोल शिंप्याला लावतं. म्हणून पहिल्या दिवसापासून ती मापाखाली गिऱ्हाइकाची सही घ्यायची, तारखेसकट.

तिनं पान उघडून लांबूनच दाखवलं. "पुतण्याच्या लग्नातला तुमचा सूट. कंबर बत्तीस. वर शिक्का या खोलीच्या पत्त्याचा. खाली तारीख आणि तुमची सही. मोजा वर्षं."

घरमालकानं नकळत पोट आत ओढलं. मग हात पुढे केला. "चष्मा घरी राहिलाय. वही नेतो, उद्या आणून देतो."

"चष्मा खिशात आहे तुमच्या."

तो खळखळून हसला. कागदाची घडी घालत म्हणाला, "शिंपीण कसली, वकीलच व्हायचीस तू." चपला घालता घालता त्यानं फळीकडं पुन्हा एकदा नजर टाकली. "वाळवी लागलेली दिसतेय. दुपारी माणूस पाठवतो, फळ्या बदलून देईल. तू शिवलेले कपडे पोचवायला गेलीस तरी चालेल."

जिन्यावरची पावलं विरली.

"राग नाही हो धरला त्यानं," सासूबाई म्हणाल्या. "हसत हसत गेला."

"म्हणूनच म्हणते, जरा कुशीवर व्हा." शिंपिणीनं वही त्यांच्या गादीखाली, पार भिंतीपर्यंत सरकवली. "मी परत येईपर्यंत उठायचं नाही. कुणी आलंच, तर तुम्हांला ताप आहे."

सासूबाईंनी क्षणभर दाराकडं बघितलं, आणि भर उन्हाळ्यात पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.