गावाचा रकाना

तीन नंबरच्या खिडकीवरून प्रेमलाबाईंना चौथ्यांदा परत पाठवलं, तेव्हा साडेचार वाजले होते. पाचला खिडक्या बंद होणार होत्या आणि अर्जाची आज शेवटची तारीख. दहा बायकांच्या बचत गटाला मिरची कांडपाचं यंत्र हवं होतं. निम्मी किंमत सरकार देणार होतं. आज अर्ज गेला नाही तर योजना पुन्हा कधी येईल, हे सरकारलाही ठाऊक नव्हतं.

भानगड यंत्राची नव्हतीच. भानगड गावाची होती. तीन नंबरची खिडकी ग्रामीण, सात नंबरची शहरी. तीनवरचे श्यामसुंदर म्हणाले, गेनबाचीवाडी चार वर्षांपूर्वीच शहराच्या हद्दीत गेली, सातवर जा. सातवरच्या तनयाने संगणकात बघून सांगितलं, गेल्या वर्षीच्या आदेशाने वाडी हद्दीतून वगळली, तीनवर जा. तीनवर म्हणाले, वगळली खरी, पण ग्रामपंचायत परत कुठे झालीय? म्हणजे आमच्याकडे नाही. सातवर म्हणाले, आमच्याकडेही नाही. खरा वैताग हा, की दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. दोघांकडेही कागद होते.

खेटे घालून घालून प्रेमलाबाईंचे पाय भरून आले. मग त्यांनी पिशवीतून शेवटचा कागद काढला आणि तीनवर सरकवला. अर्जासोबत ग्रामसभेचा ठराव जोडा, असं यादीत होतं, म्हणून वाडीने गेल्या रविवारी मारुतीच्या पारावर ग्रामसभा भरवली होती. रीतसर दवंडी देऊन. खाली बासष्ट सह्या, नऊ अंगठे.

श्यामसुंदरांनी तो दोनदा वाचला. त्यांच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत असा ठराव त्यांनी पाहिला नव्हता.

"अहो बाई, ग्रामपंचायतच नाही, तर ग्रामसभा कसली भरवलीत?"

"पंचायत न्हाई, पर लोकं हायेत की."

श्यामसुंदर तसे वाईट गृहस्थ नव्हते. नियम मोडायचा नाही आणि बाईला रिकाम्या हाती पाठवायचं नाही, असं दोन्ही त्यांना हवं होतं आणि दोन्ही जमत नव्हतं. त्यांनी सातवरून तनयाला बोलावून घेतलं. दोघांनी मिळून हद्दीचे नकाशे उलगडले. तनयाने एक तर उलटाही धरून पाहिला. एका नकाशात वाडी रेषेच्या आत होती, दुसऱ्यात बाहेर, आणि तिसऱ्यात नेमकी त्या जागी घडी पडून कागद फाटला होता. पावणेपाच झाले. प्रेमलाबाईंना रडू येईलसं वाटायला लागलं. घरी नऊ जणी फोनकडे डोळे लावून बसल्या होत्या आणि त्यांना सांगायचं काय, तर आपण नक्की कुठे राहतो ते साहेबांना सापडेना.

शेवटी श्यामसुंदरांनी कागद बाजूला सारले. साधा हिशेब करू म्हणाले. शहराच्या सोयी मिळत असतील तर शहरी, नसतील तर ग्रामीण, संपला विषय. पाणी कुणाचं, विचारलं. टँकरचं, आणि टँकर आमच्या जाऊबाईंच्या भावाचा, असं उत्तर आलं. रस्त्यावर दिवे? खांब आहेत, दिवे नाहीत. श्यामसुंदर अर्जावरच्या 'ग्रामीण'च्या चौकोनाकडे पेन नेणारच होते, तेवढ्यात तनयाला आठवलं.

"कचऱ्याच्या गाड्या येतात का हो तुमच्याकडे?"

"येत्यात की. रोज येत्यात. अठरा गाड्या."

श्यामसुंदरांचा चेहरा उजळला. अठरा गाड्या तर सदाशिव पेठेतही येत नाहीत, असं पुटपुटत त्यांनी पेन 'शहरी'कडे वळवलं. अर्धी खूण झालीसुद्धा.

"भरून येत्यात अन् रिकाम्या जात्यात, सायेब," प्रेमलाबाई म्हणाल्या. "आमच्या खाणीत टाकत्यात."

पेन थांबलं. तनया खिडकीबाहेर बघायला लागली. शिपाई दारं लावायला आला आणि तिघांना तसं पाहून तोही उभा राहिला.

पाचला दोन मिनिटं कमी असताना श्यामसुंदरांनी आवकचा शिक्का उचलला आणि दोन्ही चौकोनांवर आडवा मारला. अर्ज घेतला. तो वर गेल्यावर कुठल्या टेबलावर बसेल, ते देवाला माहीत, असंही सांगून टाकलं. मग त्यांनी पोच लिहून दिली.

प्रेमलाबाईंनी पोच जवळ धरून नीट वाचली. गटाचं नाव होतं, तारीख होती, यंत्र होतं.

"सायेब, गावाचा रकाना मोकळाच ऱ्हायला."

श्यामसुंदरांनी खिशाचं पेन काढलं, जरा विचार केला आणि परत खिशाला लावलं. टेबलावरच्या डब्यातून त्यांनी एक पेन्सिल शोधून प्रेमलाबाईंपुढे धरली.

"तुम्हीच लिहा," ते म्हणाले. "पण फार दाबून लिहू नका."