मंगळवारची मगर

“मगर बाई असते की बुवा?” लिफ्ट इन्स्पेक्टरांनी विचारलं.

“तुम्हाला काय वाटतं?” मॅडम म्हणाल्या. त्या मुलांच्या मानसतज्ज्ञ होत्या. त्यांना साधा प्रश्न विचारायची सोय नव्हती.

“नाही, आवाज कुठला काढायचा ते ठरवायला बरं.”

इन्स्पेक्टर लहान मुलांच्या खुर्चीत बसले होते. गुडघे हनुवटीला टेकले होते आणि उजव्या हातात मनगटाच्या वरपर्यंत हिरवी कापडी मगर होती. खरं तर ती त्यांच्या मुलीने घालायची होती. तिला घरात मुंगी म्हणत. घरात मुंगीचं तोंड मिटत नसे. घराबाहेर मात्र गेले काही महिने ती एक अक्षर बोलली नव्हती. शाळेत हजेरीलासुद्धा नुसता हात वर. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगून टाकलं होतं, सुट्टी लागायच्या आत बोलली तर ठीक, नाहीतर दुसरी शाळा बघा.

मॅडमच्या खोलीत एकच नियम होता. ज्याच्या हातात मगर, त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मगर बघताच मुंगी टेबलाखाली जाऊन बसली. मग मगर कोणीतरी घालायला हवी, म्हणून बाबांनी घातली.

“नमस्कार,” मगर नाकातून म्हणाली. “मला काही त्रास नाही.”

पुढच्या मंगळवारी मगरीला थोडा त्रास होता. ऑफिसात साहेब तिला सगळ्यांसमोर ‘अहो तळमजला’ अशी हाक मारत. त्याच्या पुढच्या मंगळवारी तिला गुडघ्यांविषयी बोलायचं होतं. त्यानंतर एकदा ती म्हणाली, “मॅडम, मला लिफ्टची भीती वाटते. मी जिन्याने वर जाते, जिन्याने खाली येते आणि ‘सुस्थितीत’ असं लिहून सही करते.”

मॅडम नवव्या मजल्यावर राहत होत्या. त्यांचा चेहरा जराही हलला नाही. शिक्षणाचा हा एक फायदा असतो.

इन्स्पेक्टर आता वेळेच्या आधीच येऊन बाहेरच्या बाकावर बसू लागले. मगरीचा एक डोळा लोंबत होता, तो त्यांनी घरून सुईदोरा आणून शिवला. त्यांचा रंग सुधारला. केस मुलीची होती आणि फरक मगरीला पडत होता. मुंगी टेबलाखालून सगळं ऐकायची आणि गप्प असायची.

दर वेळी शेवटी मॅडम एकच विचारायच्या. “आणि मुंगीची आई कशी आहे? बाळ लहान आहे ना अजून?”

मगर झटक्यात हातातून निघायची. “मजेत आहे. आराम चाललाय.”

“एकदा त्यांनाही घेऊन या.”

“आणू की!”

मग मॅडम रिकाम्या मगरीचा जबडा दोन बोटांनी मिटवायच्या आणि म्हणायच्या, “आपली वेळ संपली. पुढच्या मंगळवारी या.”

सुट्टीआधीचा शेवटचा मंगळवार उजाडला. मुख्याध्यापिकाबाईंचा सकाळीच फोन येऊन गेला होता. या वेळी मॅडमनी शेवटपर्यंत वाटच पाहिली नाही.

“मुंगीची आई कशी आहे?”

इन्स्पेक्टरांनी मगर ओढली. मगर निघेना. त्यांनी स्वतःच शिवलेल्या डोळ्याचा दोरा त्यांच्याच घड्याळाच्या पट्ट्यात अडकला होता. त्यांनी हात झटकला. मगरीने मान झटकली. त्यांनी तिला गुडघ्यात धरून ओढलं. खुर्चीसकट दोघं भिंतीपर्यंत गेले, पण मगर हातातून सुटली नाही.

“नियम म्हणजे नियम,” मॅडम म्हणाल्या. “हातात मगर आहे तुमच्या.”

मगरीने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

“नळ सोडून रडते,” मगर म्हणाली. या वेळी आवाज नाकातला नव्हता. “बाळ झाल्यापासून. बादली भरून वाहते तरी नळ चालूच. जेवत नाही. बाळाला उचलायला घाबरते, माझ्या हातून पडेल म्हणते. पूर्वी ती हसायला लागली की शेजारचे भिंत वाजवायचे, मॅडम.”

“कोणाला बोललात हे?”

“छे! लोक काय म्हणतील? उलट मी घरात बजावून ठेवलंय, घरातलं बाहेर एक अक्षर बोलायचं नाही म्हणून.”

मगरीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग मॅडम, इन्स्पेक्टर आणि मगर, तिघांनीही सावकाश वाकून टेबलाखाली पाहिलं.

मुंगी मांडी घालून बसली होती. दिलेला अभ्यास एकही ओळ न गाळता पूर्ण केलेल्या मुलीसारखी.

“मुंगे,” इन्स्पेक्टर म्हणाले आणि पुढे मगरच रडायला लागली. मॅडमनी टिश्यूचा डबा मगरीपुढे सरकवला, मग चूक लक्षात येऊन जरा वर केला.

“हा आजार आहे,” त्या म्हणाल्या. “बाळंतपणानंतर कितीतरी जणींना होतो आणि बराही होतो. मुलांइतक्याच त्यांच्या आयाही माझ्याकडे येतात. हे काही लपवायचं प्रकरण नाही.”

टेबलाखालून आधी दोन हात आले, मग मुंगी आली. तिने फ्रॉक झटकला. मॅडमच्या शेजारची खुर्ची ओढून तिच्यावर ताठ बसली. भिंतीवरच्या घड्याळात अजून बराच वेळ शिल्लक होता. तिने तिकडे पाहिलंही नाही. हुंदके देणाऱ्या मगरीचा जबडा तिने दोन बोटांनी अलगद मिटवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

“आपली वेळ संपली. पुढच्या मंगळवारी आईला घेऊन या.”